नववी ओळ

१२ नोव्हेंबर

मळ्याच्या मालकीणबाईंना,

गेल्या शनिवारी अकराच्या फेरीत मी तुमच्याकडे येऊन गेले. करडा कोट, जाड चष्मा, सगळ्यांच्या मागे. लक्षात राहण्याचं काही कारण नाही. चव घेताना मी गप्पच होते, कारण मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. शेजारचे गृहस्थ दर घोटाला 'वा' म्हणत होते, त्यांनी माझी कसर भरून काढली.

फेरी आवडली. आजोबांनी दगडी उतार कसा फोडला, वडिलांनी तळघर कसं खणलं, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी तुम्ही कंटाळून सांगत नाही. घरात मूल जन्मलं की त्याच्यासाठी वेलींची एक ओळ लावायची, पहिल्या खांबावर त्याच्या नावाची पत्र्याची पट्टी ठोकायची आणि मोठं झाल्यावर ती ओळ त्यानंच छाटायची, हेही तुम्ही सांगितलंत. मग म्हणालात, "वडिलांना मी एकटीच. म्हणून ही शेवटची, दहावी ओळ माझी."

मी खांब मोजत आले होते. आठव्यावर पट्टी आहे, दहाव्यावर आहे. नवव्यावर खिळ्यांची दोन भोकं आहेत.

मी चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. काही अर्धा अंश तिरकं असलं तरी मला दिसतं. हा गुण नाही, खोड आहे. नवव्या ओळीतले गेल्या छाटणीचे वाळलेले काप बाकीच्या ओळींच्या उलट बाजूला कललेले आहेत. डाव्या हाताचे. आमच्या गॅलरीत निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात एक वेल आहे, तिच्यावरचे काप असेच आहेत, कारण माझे बाबा डावरे. त्यांच्या घराबद्दल त्यांनी मला कधी चकार शब्द सांगितला नाही. तुमचा पत्ता मला कसा मिळाला ते राहू द्या.

मला एवढंच विचारायचं आहे: तुमच्या वडिलांना तुम्ही खरंच एकट्याच का?

डावऱ्याची मुलगी


२० नोव्हेंबर

महोदया,

पत्र मिळालं. फेरीबद्दल सूचना असतील तर त्यासाठी फाटकाजवळ वही ठेवलेली असते.

पाहुण्यांना दीड तासात तीन पिढ्या दाखवायच्या असतात. त्यात सगळ्यांची सगळी पुराणं घेऊन बसलं तर तळघरात उतरेपर्यंत दिवस मावळेल. नवव्या खांबावरची पट्टी वाऱ्यानं पडली. ती ओळ छाटायला एक डावखुरा गडी येतो. म्हणून काप उलटे.

आपली नजर तीक्ष्ण आहे, हे मात्र मान्य करावं लागेल.

कळावे.
मळ्याची मालकीण

ता. क. तुमच्या वडिलांच्या डाव्या कानामागे व्रण आहे का? आणि कसा असतो तो?


१ डिसेंबर

मालकीणबाई,

व्रण आहे. मला सांगितलं होतं की कुत्रं चावलं. लहानपणी विश्वास बसला. आता वाटतं, कानामागे चावायचं म्हणजे त्या कुत्र्यानं बरीच कसरत केली असेल.

कसे असतात विचारलंत. बाबा पोस्टमन. आता निवृत्त. जन्मभर जिने चढून लोकांची पत्रं वाटली, स्वतः एक लिहिलं नाही. सकाळी उठले की आधी वेलीला पाणी, मग चहा. चहा पार गार होईपर्यंत नुसता समोर ठेवतात आणि मग एका दमात पितात. बूट काढले की उलटे करून ठेवतात, आत काही शिरू नये म्हणून. तिसऱ्या मजल्यावर काय शिरणार, पण सवय. आई मी शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. फार बोलत नाही आम्ही. एकाच खोलीत आपापलं काही करत बसतो, आणि ते पुरतं.

यंदा आमची वेल मीच छाटली, बाबांच्या कात्रीनं. मीही डावरीच, त्यामुळे मूठ हातात चपखल बसली.

आता तुम्ही सांगा. तो डावखुरा गडी कोण?


१५ डिसेंबर

चि. भाचीस,

आधी हे महोदया आणि मालकीणबाई बंद करू. आत्याला 'तू' म्हणतात.

व्रण कुत्र्याचा नाही, माझा आहे. मी सात वर्षांची, तो दहा. त्यानं माझ्या ओळीतले पिकलेले घड खाल्ले आणि वर पक्ष्यांवर ढकललं. मी डबा फेकून मारला. आईनं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, कुंपणावर पडलो. तेव्हापासून त्याची ती रीतच.

गडीबिडी कोणी नाही. नववी ओळ मी छाटते. डाव्या हातानं.

तो घर सोडून गेला तेव्हा बाबा म्हणाले, ओळ उपटून टाका. मी म्हणाले, राहू दे, मी बघते. वेल छाटणाऱ्याचं वळण घेते गं. माझ्या उजव्या हाताखाली गेली असती तर चार-पाच वर्षांत ती माझीच ओळ झाली असती. म्हणून डाव्या हाताची कात्री मागवली. पहिल्या हिवाळ्यात काड्या कमी आणि बोटं जास्त कापली. माझी ओळ एका दिवसात उरकते, त्याच्या ओळीला पाच दिवस लागतात. अजूनही.

तू कात्रीचं लिहिलंस. लाकडी मूठ आणि पितळी कडी आहे ना? ती त्यानं तुला स्वतःच्या हातानं दिली का?

आता मुद्द्याचं. यंदा नववी ओळ मी छाटणार नाही. त्याला म्हणावं, येऊन छाट. मार्चच्या मध्यापर्यंत चालेल. पुढे काड्यांवरचे डोळे फुटून कोंब येतात, आणि मग न छाटलेल्या वेलीचं वर्ष फुकट जातं. मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. एवढ्या घरात एक खोली तापवते आणि पाहुण्यांच्या लांब टेबलाच्या एका कडेला बसून जेवते. पण दया यावी म्हणून नाही लिहीत. मला त्याला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती समोर बसून सांगायची आहे. एवढंच राहिलंय माझं.

आत्या


६ जानेवारी

आत्या,

उशीर झाला. दुकानात काम फार आहे.

कात्री तशीच आहे, कडी पितळीच. हो, त्यांनीच दिली.

येण्याचं काय सांगू? बाबांचे गुडघे बरे नाहीत. इतका प्रवास झेपेलसं वाटत नाही. बघू.

तुझी पत्रं मी दुकानाच्या मागच्या खोलीत डबा खाताना वाचते. काल मालक म्हणाले, "काय बाई, कुणाचं एवढं?" मी म्हणाले, "आत्याचं." असं कुणाला सांगायला मला या आधी काही नव्हतं. घरी तर पत्र कधी येतच नसे. पोस्टमनच्या दारात पत्र कोण टाकणार?

जे सांगायचंय ते लिहून चालणार नाही का?


२५ जानेवारी

चि. भाचीस,

चालेल. गुडघे दुखत असतील तर राहू दे. पुढचं त्याला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

दादा,

तुझी दाढ काढली त्या दिवसाचं बोलतेय. गाल हा एवढा सुजला होता, आणि तळघराच्या पाटीवर त्या दिवशीच्या कामापुढे नाव तुझं होतं. दहा रिकामी लाकडी पिंपं धुऊन, सुकवून, आत भरलेली वाइन आंबू नये म्हणून प्रत्येकात गंधकाची वात जाळायची आणि बूच ठोकायचं. मीच म्हणाले, जा झोप, मी करते. सात केली. वाती संपल्या. उरलेली तीन उद्या करू म्हटलं आणि त्यांना नुसतीच बुचं ठोकली, म्हणजे बघणाऱ्याला दहाच्या दहा झालेली दिसावीत. दुसऱ्या दिवशी विसरले.

आजोबा त्या वर्षी गेले. त्यांनी स्वतः राखलेल्या वेलींची ती शेवटची वाइन, आणि बाबांनी ती नेमकी त्याच तीन पिंपांत भरली. वसंतात नळीनं थोडी काढून तोंडात घेतली आणि जमिनीवर थुंकली. तिन्ही पिंपांचं व्हिनेगर झालं होतं. वास पायऱ्यांपर्यंत येत होता.

बाबांनी विचारलं, "पाटीवर नाव कुणाचं होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी हातातला पेला पुसत होते. तो पुसत राहिले. तू म्हणालास, "माझं."

बाबा काय काय बोलले ते लिहीत नाही, तुला पाठ असेल. आठवड्यानं तू गेलास आणि त्यांनी पट्टी उचकटली. तेव्हा मी बोलू शकले असते. त्यानंतर बाबा एकोणीस वर्षं जगले. दोन्ही वेळा आम्ही समोरासमोर बसून जेवलो. रोज बोलू शकले असते. मग पाहुणे यायला लागले. कुणी विचारलं, भावंडं किती? मी म्हणाले, एकटीच. पहिल्यांदा जीभ अडखळली, पुढे वळण पडलं.

वाती विसरले ती चूक. पेला पुसत राहिले, ते पाप. मला माफ कर असं म्हणत नाही. तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून ऐकणं हा तुझा हक्क होता.

तुझी धाकटी


४ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मोठ्यानं वाचलं. एक ओळही गाळली नाही. बाबा काही बोलले नाहीत.


१८ फेब्रुवारी

चि. भाचीस,

दोन ओळींचं पत्र मिळालं. बरं.

बाकीच्या ओळी छाटून झाल्या. नववी तेवढी उभी आहे, झिंज्या पिंजारलेल्या पोरीसारखी. गडी येता-जाता बघतात आणि मला विचारत नाहीत. मागच्या बाजूची खोली झाडून घेतली, खिडकीची काच तडकली होती ती बदलली. ती त्याची खोली. ऊन असलं की तिथून नववी ओळ पुरी दिसते.

काही सजवून लिहायची गरज नाही. राग असेल तर राग लिही. त्याला यायचं नसेल तर तसं लिही. पण जे असेल ते तू सांग.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

मी खोटं बोलले. बाबा नाहीत. ३ ऑक्टोबरला सकाळी गेले, बूट घालताना. मी आत चहा गाळत होते. बाहेर आले तर एक बूट पायात होता आणि एक हातात.

म्हणजे तुझ्या मळ्यावर मी आले तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. तुझं "एकटीच" ऐकून मला इतका राग आला की ठरवलं, जिनं त्यांना जिवंतपणी पुसून टाकलं तिला मरण तरी कशाला कळवायचं? मग तू विचारलंस, कसा असतो तो. मी लिहायला बसले आणि बाबा वेलीला पाणी घालायला लागले, चहा गार करायला लागले. आत्या, किती बरं वाटलं म्हणून सांगू! घरात उलटे ठेवलेले बूट आहेत, पण चालता माणूस फक्त त्या पत्रात होता. पुढे तू त्यांच्यासाठी ओळ थांबवलीस. रोज ठरवायचे, आज लिहू. रोज वाटायचं, आणखी एक पत्र येऊ दे.

तुझी कबुली मी खरंच मोठ्यानं वाचली. त्यांच्या खुर्चीसमोर बसून. ते काही बोलले नाहीत, हे खोटं नव्हतं.

आणि आणखी एक लपवलं. पत्ता कसा मिळाला ते. बाबांच्या कात्रीच्या चामडी म्यानात तुझ्या फेरीचं तिकीट होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधल्या एका रविवारचं. तो दिवस मला आठवतो. जुन्या दोस्ताकडे जाऊन येतो म्हणाले होते. संध्याकाळी आले ते ओल्या कागदात एक काडी गुंडाळून. तीच पिंपात लावली. म्हणजे आमची वेल नवव्या ओळीतलीच असणार.

तिकिटाच्या मागे पेन्सिलनं लिहिलंय. जसंच्या तसं उतरवते:

"एक्केचाळीस वेली. सगळ्या जिवंत. छाटणी भिकार. पण डाव्या हाताची."

आता तुला काय वाटेल ते वाटू दे. त्या ओळीचं वर्ष माझ्यापायी जाऊ देऊ नकोस. छाटून टाक.


७ मार्च

चि. डावरीस,

मला माहीत होतं.

आपल्या घरात प्रत्येकाची कात्री वेगळी. मूठ त्या-त्या हातानं झिजते. जिवंत माणसाच्या कात्रीला दुसरं कुणी हात लावत नाही, पोटचं पोर असलं तरी नाही. माणूस गेला की मगच ती पुढच्याकडे जाते. तू डिसेंबरात लिहिलंस, "बाबांच्या कात्रीनं छाटली." तिथेच मी पत्र टेबलावर उलटं ठेवलं. तरी विचारलं, त्यानंच दिली का? तू हो म्हणालीस. मनाला म्हटलं, एवढी वर्षं शहरात राहिला, रीत विसरला असेल. पण तो विसरणाऱ्यांतला नव्हता, आणि मला ते कळत होतं. कळूनही ओळ थांबवली. तू एकटीच खोटं बोलत नव्हतीस. दोघी मिळून त्याला चालवत होतो.

आता त्याहून वाईट सांगते. तो जिवंत आहे असं मला खरंच वाटत असतं, तर ती कबुली माझ्या हातून लिहून झाली नसती. समोर बसून सांगायचंय म्हणाले खरी, पण ती नुसतीच फुशारकी. तो गेला हे मनाला पटलं तेव्हा कुठे लेखणी चालली. जन्मभराची भित्री मी. जो ऐकणार नव्हता त्यालाच सांगितलं.

तिकिटाचं वाचून चार दिवस मी काही केलं नाही. तो रविवार आठवायचा प्रयत्न करते. पाऊस होता का, किती जण होते, काही आठवत नाही. तिकिटं मी फाटकाशी स्वतः देते, एकेकाच्या हातात. म्हणजे त्यालाही मीच दिलं. डावा हात पुढे आला असेल. मी वर बघितलंसुद्धा नसेल. आणि मग नवव्या खांबाशी, त्याच्यासमोर उभी राहून मी म्हणाले असेन, वडिलांना मी एकटीच.

काल शनिवारची फेरी होती. चौदा पाहुणे. नवव्या खांबाशी थांबले आणि म्हणाले, "वडिलांना आम्ही दोघं. ही माझ्या भावाची ओळ." मग पाटीचं सांगितलं, तीन पिंपांचं सांगितलं, पेल्याचंही सांगितलं. लोकांना वाटलं असेल, हा फेरीचाच भाग आहे. एका बाईंनी हळूच विचारलं, "मग भाऊ आता कुठे असतात?"

मी म्हणाले, "गेला."

हा शब्द मी तोपर्यंत तोंडातून काढला नव्हता. तळघर त्यांचं त्यांनी बघितलं. मी खांबाला टेकून खाली बसले आणि त्याच्यासाठी जे काय रडायचं होतं ते रडले, अडतीस वर्षांचं एकदम.

ओळ मी छाटणार नाही. ती आता माझी नाही. वेलीचे डोळे फुगलेत, आठवडा आहे हातात, फार तर दहा दिवस. मालकांना सांग, आत्याकडे काम निघालंय. बस फाट्यावर थांबते, तिथून चढ आहे, जाड तळव्याचे बूट घाल. कात्रीला तेल लावून आण, धार मी लावते. जुनी पट्टी सापडली नाही. नवी कापून आणली आहे, ती तू ठोक. भोकं तयारच आहेत. उशीर झाला तर कापातून पाणी ठिबकत राहतं, पण वेल त्यानं मरत नाही.

आणि हे शेवटचं निघण्याआधी त्याच्या खुर्चीसमोर बसून मोठ्यानं वाच: छाटणी भिकार नव्हती. दुसऱ्याच्या हातानं करून बघ म्हणावं, अडतीस हिवाळे.

तुझी आत्या